टेलरबाईंची पक्की शिवण

शाळेतून फोन आला तेव्हा टेलरबाई कुणाच्या तरी पँटची कंबर आवळत बसल्या होत्या. पलीकडून वर्गबाई घाईघाईनं सांगत होत्या, तुमची मुलगी बाकाखाली जाऊन बसलीय, किंचाळतेय, शर्टाची एक बाही तिनं खांद्यापासून ओढून काढलीय, असाल तशा या. टेलरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाही फाटली की उसवली?"

"काय?"

"कापड फाटलं, की शिवण सुटली?"

वर्गबाईंना वाटलं, धक्क्यानं या माउलीचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. धक्का मात्र खरा होता, आणि खरं सांगायचं तर तो मुलीपेक्षा बाहीचा जास्त होता. टेलरबाईंच्या हातची शिवण आजवर कुणाच्या बापाला उसवली नव्हती. ती सात वर्षांच्या पोरीनं उसवावी? त्या चपला घालायच्या विसरून निघाल्या आणि कोपऱ्यावरून परत आल्या.

त्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी शिलाईचं मशीन, भिंतीकडे ओव्हरलॉकचं, मधोमध कापायचं लांब टेबल आणि दाराआड ट्रायलसाठी एक पडदा. शाळेतल्या बहुतेक मुलांचे गणवेश इथेच शिवले जात. पांढरा शर्ट, राखाडी स्कर्ट नाहीतर पँट. "कापड विरेल, पण माझी शिवण सुटायची नाही," हे बाईंचं ब्रीद. त्या नुसतं बोलून थांबत नसत. प्रत्येक शिवणीवर दोन टिपा, त्यावर ओव्हरलॉक, आणि बाही जिथे खांद्याला जोडतात त्या मुंढ्यावर नायलॉनच्या दोऱ्याची तिसरी टीप. कॉलरमध्ये बकरमही दुहेरी, म्हणजे पोरगं मान टाकून झोपलं तरी कॉलर ताठच. मुलं एकमेकांच्या शर्टाला लोंबकळतात, भिंतीवरून घसरतात. शर्टानं टिकायला नको? थोरल्याचा शर्ट धाकट्याच्या अंगावर जाई आणि धाकट्याचा शेजाऱ्याच्या. याबद्दल कुणी एक शब्द वावगा काढला तर बाई कात्री हातात धरूनच उत्तर देत. नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

अशा बाईंच्या पोटी मुंगी आली. हे टोपणनाव तिच्या बाबानं ठेवलं, कारण चालायला लागल्यापासून पोरगी भिंतीच्या कडेकडेनं, एक बोट भिंतीला टेकवून जायची. भिंत संपली की थांबायची. बोलायची अगदी मोजकं आणि डोळ्याला डोळा द्यायची नाही. मुलगी स्वमग्न आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी बाई घरी येऊन एकच शर्ट शिवत बसल्या. शिवायच्या, उसवायच्या, पुन्हा शिवायच्या. मुंगीचा बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अगं, लिफ्टच आहे ती. प्रत्येक मजल्यावर थांबत नाही, एवढंच." बाईंनी त्याच्यावर दोऱ्याचं रीळ फेकून मारलं. मग दोघंही रडले, आणि रडून झाल्यावर त्यांनी ठरवलं, मुंगी चारचौघांच्याच शाळेत जाणार.

आणि मुंगीला शाळा आवडली! ही गोष्ट कुणाला खरी वाटत नसे, पण घरात सगळ्यांना ठाऊक होती. वर्गातल्या खुंट्यांमध्ये एक तिची होती, तिच्यावर मुंगीचं चित्र चिकटवलेलं. दप्तर ती त्याच खुंटीला अडकवायची, बेरजा सगळ्यांच्या आधी सोडवायची. संध्याकाळी घरी दप्तर भरून दाराशी ठेवायची आणि म्हणायची, "उद्या शाळा." दिवसभरातलं तिचं सगळ्यात लांब वाक्य हेच.

मग बिनसत कुठे होतं? सकाळी जायची ती बरी. दुपारी डब्याच्या सुट्टीपर्यंत मात्र तिचा स्फोट व्हायचा. मनगट चावायची, डोकं बाकावर आपटायची, बाकाखाली शिरायची. शाळेत आठवड्यातून काही दिवस अशा मुलांसाठी एक विशेष शिक्षिका येत. सगळे त्यांना ताई म्हणत. वयानं लहान, पण कामाला वाघ. त्यांनी मुंगीला आवाज कमी करणारे हेडफोन दिले, थरथरणाऱ्या ट्यूबलाइटखालून उठवून दाराजवळ बसवलं, पुस्तकांच्या कपाटामागे तिच्यासाठी शांत कोपरा करून दिला. प्रत्येक गोष्टीचा थोडा थोडा उपयोग झाला. घंटेला घाबरणं कमी झालं. पण दुपारचा स्फोट काही चुकेना.

ताईंनी एकदा दुकानात येऊन हेही विचारलं होतं, "आई, तिला कपडे टोचत नाहीत ना? अशा मुलांना कधी कधी साधी शिवणसुद्धा सहन होत नाही."

"टोचतात?" बाई कात्रीसकट ताडकन उभ्या राहिल्या. "माझे कपडे? अहो, अख्खी शाळा घालते ते. एक मूल दाखवा तक्रार करणारं!"

ताईंनी तो विषय तिथेच सोडला. आता ही चूक कुणाची म्हणायची? बाईंची तर होतीच, पण ताईंचीही होती. रागावलेल्या आईला दुसऱ्यांदा विचारायला छाती लागते.

बाही उसवली त्या दिवशी बाईंनी बाकाखालून मुंगीला घरी आणलं. घरात पाऊल टाकताच मुंगीनं नेहमीसारखा गणवेश उतरवला आणि तिचा तो विटका, मऊ फ्रॉक चढवला. ही तिची रोजची सवय. बाईंना तिचं केवढं कौतुक! "गुणाची आहे माझी," त्या गिऱ्हाइकांना सांगत. "शाळेचे कपडे मळू नयेत म्हणून आल्या आल्या काढते. सांगावं लागत नाही." फ्रॉक घालून मुंगी टेबलाखाली कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावत बसली, शांत, गोगलगायीसारखी. वर बाई मशीनवर बसल्या आणि त्यांनी ती बाही पुन्हा जोडली. दोन टिपा, ओव्हरलॉक, नायलॉनची टीप. त्यावर आणखी एक. मग आतून एक जाड पट्टी लावली आणि तीही नायलॉननंच पक्की केली. "आता उसव," त्या शर्टाला म्हणाल्या.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. पुढचे दिवस असे गेले की वर्गबाईंचे डोळे पांढरे झाले. सकाळी कपडे घालतानाच मुंगी ओरडायला लागे. बाबा म्हणे, "शाळेचा धसका घेतलाय तिनं." बाई म्हणत, "मग रात्री दप्तर कोण भरतं?" शाळेच्या फाटकाशी बाई तिला रोज एकदा घट्ट छातीशी धरत. मुंगी अंग चोरून सुटका करून घ्यायची आणि भिंतीला बोट लावून निघून जायची. बाईंना ते फार लागे. पोटच्या पोरीला आपली मिठी नकोशी व्हावी, हे दुःख त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

अखेर मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, त्यांनी बोलावून घेतलं. मोठ्या बाई मनानं सरळ होत्या, पण बोलायला स्पष्ट. "घरी शांत, शाळेत वादळ. याचा अर्थ शाळा तिला मानवत नाही. बाकीच्या मुलांचाही विचार करायला हवा मला. शुक्रवारी बसू आपण. तोवर फरक दिसला नाही, तर तिला घरीच ठेवा."

टेलरबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. घरी ठेवायचं म्हणजे त्या खुंटीवरचं चित्र काढायचं, आणि "उद्या शाळा" म्हणणाऱ्या पोरीला काय सांगायचं? बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "आई, गुरुवारी तुम्ही दिवसभर वर्गात मागे बसा. आम्हाला जे दिसत नाही, ते कदाचित तुम्हाला दिसेल."

गुरुवारी बाई शेवटच्या बाकावर बसल्या. गुडघे पोटात, कारण बाक पहिलीतल्या मुलांच्या मापाचं. फळ्यावर बेरजा चालल्या होत्या. मुंगी दाराजवळ पाठमोरी बसलेली. बाई आधी आईच्या नजरेनं बघत होत्या, म्हणजे पोरगी आता रडेल, मग रडेल, अशी धाकधूक. पण माणूस किती वेळ नुसती धाकधूक करणार? हळूहळू त्यांची रोजची नजर जागी झाली, शिंप्याची. पुढच्या मुलाची पँट आखूड झालीय, त्या मुलीचं बटण लोंबतंय, असं करत करत ती नजर मुंगीच्या पाठीवर येऊन थांबली.

मुंगीचे दोन्ही कोपर अंगापासून सुटे होते. खांदे कानांपर्यंत चढवलेले, मान पुढे काढलेली, म्हणजे कॉलर मानेला लागू नये. ती लिहीत होती तेव्हाही कोपर अधांतरीच. बाकावर टेकत नव्हते, बरगड्यांना तर मुळीच नाही.

असं कोण बसतं, हे टेलरबाईंना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पडद्याआड ट्रायलला उभं राहिलेलं गिऱ्हाईक असंच अवघडून असतं. कच्च्या कपड्याला टाचण्या लावलेल्या असतात, हात खाली आणला तर टोचेल म्हणून ते हात लांब धरतं, श्वाससुद्धा बेतानं घेतं. बाई रोज म्हणत, "झालं हं, एक मिनिट." आणि टाचण्या काढल्या की गिऱ्हाईक हुश्श करून हात खाली सोडतं.

मुंगी सकाळपासून ट्रायलला उभी होती. रोज सकाळपासून.

"टाचणी राहिली!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की वर्गबाईंच्या हातातला खडू पडला. बाकाला गुडघे आपटत त्या उठल्या, मुंगीला उचललं आणि कुणाला काही न विचारता शिक्षकांच्या खोलीकडे धावल्या. ताई मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. इतकी वर्षं काम केलं, टाचणी कधी विसरली नाही, आणि विसरली ती पोटच्या पोरीच्या शर्टात! त्यांनी शर्ट काढला, उलटा केला, शिवणीशिवणीवरून बोटं फिरवली.

टाचणी नव्हती.

पुन्हा बोटं फिरवली. काहीच लागेना. लागणार कसं? सुया टोचून टोचून बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली. मग त्यांनी मुंढ्याची ती नवी, पक्की, पट्टी लावलेली शिवण घेतली आणि स्वतःच्या मानेवरून ओढली. चर्रकन ओरखडलं. नायलॉनच्या दोऱ्याची कापलेली टोकं होती ती, बारीक, ताठ, काट्यासारखी. तरी बाईंचं मन अजून मानेना. एवढंसं तर आहे. एवढ्याशाला कुणी डोकं आपटतं?

तेवढ्यात ताईंनी मुंगीचा हात अलगद वर केला.

बगलेच्या कडेनं, खांद्याच्या गोलाईवर, मानेभोवती लाल ठिपक्यांच्या ओळी उठल्या होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. ठिपक्यांमधलं अंतर सारखं, ओळी सरळ. शाळेतून आल्यावर कपडे ती पडद्याआड एकटीच बदलायची आणि रात्रीतून त्या मावळत असणार, म्हणून सकाळच्या आंघोळीलाही कधी दिसल्या नव्हत्या. कुणाच्या हातच्या टिपा आहेत, हे बाईंनी एका नजरेत ओळखलं. एवढी सारखी टीप आसपास दुसरं कुणी मारत नव्हतं.

त्यांनी शर्ट खाली ठेवला.

"आपल्याला जिथं खाजतं, तिथं हिला भाजतं, आई," ताई हळू म्हणाल्या. "आपलं अंग थोड्या वेळानं कपडा विसरून जातं. हिचं विसरत नाही."

बाईंना ते ऐकू आलं की नाही, कोण जाणे. त्यांच्या डोक्यात एकामागून एक दारं उघडत होती आणि प्रत्येक दारामागे काळजात चर्र करणारं काहीतरी उभं होतं. पोरीनं बाही उसवली होती ती सुटायला. आणि आईनं काय केलं? आणखी पक्की केली. फाटकाशी आपण तिला रोज छातीशी धरत होतो, ते माया म्हणून. तिला त्या शिवणी अंगात रुतत होत्या. आणि घरी आल्या आल्या गणवेश उतरवणारी गुणाची पोर! गिऱ्हाइकांपुढे केलेलं ते कौतुक आठवलं आणि बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

मग त्या ताईंना म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतंत मला."

"हो."

"मग परत का नाही विचारलंत?"

"तुम्ही हातातली कात्री खाली ठेवली नव्हती, आई."

बाईंना हसू आलं की हुंदका, ते त्यांनाही कळलं नाही. दोन्ही एकदमच आलं. मग नाक पुसून त्यांनी शर्ट हातात घेतला. जवळ ना कात्री, ना सुई. एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. त्यांनी शर्ट उलटाच ठेवला, कॉलर आत न वळवता बाहेर पाडली आणि तसाच मुंगीच्या अंगात घातला. दोरे बाहेर, ओव्हरलॉक बाहेर, ती जाड पट्टी बाहेर, खिसा आत.

मुंगी उभी राहिली. खांदे वरच. तिनं एक हात जरासा खाली आणला, थांबली, वाट पाहिली. काही झालं नाही. अजून थोडा खाली आणला. मग दुसरा. दोन्ही कोपर बरगड्यांना टेकले तेव्हा तिनं स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कुणीतरी आणून लावलेत. आणि तिनं हुश्श केलं. ट्रायल झालेलं गिऱ्हाईक करतं तसं, मोठ्यानं, पोटातून.

टेलरबाई तोंडाचा आ करून बघत राहिल्या.

वर्गात परत गेल्यावर पुढच्या बाकावरचा एकजण ओरडला, "ए, तुझा शर्ट उलटा आहे!"

"सरळ," मुंगी म्हणाली आणि बेरजेला लागली.

त्या संध्याकाळी दुकानाचं दार लवकर बंद झालं. बाईंनी कपाटातून धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली पांढरी चादर काढली आणि मुंगीच्या मापाचा शर्ट कापला. बकरम नाही, नायलॉन नाही, ओव्हरलॉक नाही. एकच टीप, साध्या सुती दोऱ्याची. शिवण दुमडून चपटी केलेली, आणि तीही बाहेरच्या अंगानं. जन्मभर शिवणी आत लपवलेले हात ऐकेनात. दोनदा चुकून आतच शिवली आणि दोनदा उसवली. टीप झाली की बाई ती स्वतःच्या पापणीवरून फिरवून बघत. बाबा बाजूला बसून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"एकच टीप? उसवली म्हणजे?"

"उसवू दे," बाई म्हणाल्या. बाबानं तोंडात बोट घातलं. लग्न झाल्यापासून हा शब्द त्यानं या तोंडून ऐकला नव्हता.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे बसले. वर्गबाईंनी आधी सांगितलं, "काल दुपारनंतर ती बाकाखाली गेलेली नाही. आजही नाही. घंटेला किंचाळली, ते चालूच आहे. पण ताईंनी कोपऱ्यात नेलं, आणि थोड्या वेळानं आपली आपण जागेवर येऊन बसली." सांगताना त्यांचाही विश्वास बसत नव्हता.

मोठ्या बाईंनी दाराशी भिंतीला बोट लावून उभ्या असलेल्या मुंगीकडे पाहिलं. बाहेर आलेल्या शिवणी त्यांना लगेच खटकल्या. "हा गणवेश तुम्ही शिवलात? अहो, दिव्याखाली अंधार म्हणतील लोक. तुमच्या दुकानाचं काय होईल?"

आठवड्यापूर्वी कुणी हे बोललं असतं तर शाळेची कौलं उडाली असती. टेलरबाई म्हणाल्या, "म्हणू देत. तिचे हात बघा तुम्ही, बाई. खाली आहेत."

मोठ्या बाईंनी हात बघितले. मग ताईंकडे बघितलं, मग पुन्हा हातांकडे. "मी रोज तिला फाटकाशी बघते," त्या सावकाश म्हणाल्या. "मला वाटायचं, तिची चालच तशी." "राहू दे तिला. वर्ष होऊ दे पुरं. पुढचं पुढे बघू."

बाहेर मधली सुट्टी चालली होती. मुलं अंगणात धावत होती, सगळी टेलरबाईंच्या शर्टांत. बाई घराकडे वळल्या आणि थबकल्या. नळापाशी एक मुलगा उभा होता, एक बोट कॉलरमध्ये घालून, मान वाकडी करून. त्याच्या पलीकडे एक मुलगी बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळून. त्या तडक घरी गेल्या आणि नायलॉनचं रीळ मशीनवरून काढून माळ्यावर टाकलं.

शाळा सुटल्यावर त्या मुंगीला आणायला गेल्या. आज मिठी मारली नाही, नुसता हात पुढे केला. मुंगीनं तो धरला नाही, भिंतच धरली. बरं तर बरं, म्हणून बाई शेजारून चालत राहिल्या. मुंगी काही रातोरात दुसरी मुलगी झाली नव्हती, आणि व्हायची गरजही नव्हती.

घरी पोचताच बाईंनी सवयीनं दोरीवरचा तो विटका फ्रॉक काढला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. मुंगीनं दप्तर ठेवलं. भिंतीच्या कडेनं स्वयंपाकघरात गेली, दुधाचा पेला घेतला, तो घेऊन टेबलाखाली शिरली आणि कापडाचे तुकडे लावू लागली. गणवेश अंगावरच. दूध सांडलं, ते तिनं शर्टालाच पुसलं. निळ्या तुकड्यांच्या शेजारी हिरवे लावले, मग पिवळे. अंधारायला लागलं तरी तिनं शर्ट काढला नाही.

बाबा कामावरून आला तेव्हा बाईंच्या हातात अजून तो फ्रॉक होता. "हे काय? आज कपडे बदलले नाहीत तिनं? किती मळवलाय बघ शर्ट."

"मळवू दे," बाई म्हणाल्या. "अरे, पहिल्या दिवसापासून ही आल्या आल्या कपडे काढायची. आणि मी तिला गुणाची म्हणत होते."

बाबानं टेबलाखाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, मग तोही जमिनीवर बसला. बाईंनी फ्रॉकची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.